इंग्रजी कच्चं आहे हो त्याचं!

"पोरगं हुशार आहे, फक्त इंग्रजी कच्चं आहे हो त्याचं!" अकरावीचे वर्ग सुरू झाले की आर्णीच्या बाजारात हे वाक्य बियाण्याच्या भावापेक्षा जास्त वेळा कानावर येतं. पोराला लहानपणी गोवर येऊन गेला, अशा सुरात बाप हे सांगतो. ऐकणारा मान हलवतो. पोरगं मात्र अंगठ्यानं जमीन उकरत उभं!

माझं भांडण या वाक्याशी आहे. पोराचं इंग्रजी कच्चं नाही, आपला हिशेब कच्चा आहे. आणि हिशेबाची गोष्ट निघाली की माझ्यासारखा बी.कॉम. झालेला, काउंटरवर बसणारा माणूस गप्प राहत नाही.

दहावीला इंग्रजी माध्यमाचा मुलगा इंग्रजीचा पेपर 'प्रथम भाषा' म्हणून देतो, आपला मुलगा 'तृतीय भाषा' म्हणून. पुस्तक वेगळं, पेपर वेगळा. न्याय आहे. पण अकरावीत पाय ठेवला की पहिली-तिसरी सगळं गळून पडतं. दोघांना पुस्तक एक. बारावीला पेपरही एकच, ८० मार्क लेखी आणि २० तोंडी. शिवाय सायन्स घेतलं की काल पाठ केलेलं 'त्वरण' आज 'ॲक्सिलरेशन' होऊन समोर उभं! सेमीवाल्यांचं तेवढं निभतं. बाकीच्यांच्या तिसऱ्या भाषेनं एका उन्हाळ्यात पहिली भाषा व्हायचं. अहो, आमच्याकडे क्लार्कचा ऑफिसर व्हायला केस पिकतात!

आणि तिसरी तरी कुणाच्या मोजणीनं? आमच्याकडच्या तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, गल्लीत वऱ्हाडी, बाजारात हिंदी, आणि पुस्तकातली मराठी वाचतं ती पुण्याकडची. इंग्रजीचा नंबर लागतो पाचवा. चार भाषा सांभाळणाऱ्या पोराला आपण भाषेत कच्चा म्हणतो!

मग दहा वर्षं काय झालं? २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आहे, पण बरंचसं हातात. कानाला नि तोंडाला काम नाही. उत्तरं गाईडमधून, पत्र पाठ, निबंध पाठ. 'माझे आवडते शिक्षक' या इंग्रजी निबंधातले शिक्षक तालुकाभर एकच असतात, उंच, प्रेमळ आणि वक्तशीर. "तुला काय वाटतं?" हा प्रश्न कुणी इंग्रजीतून विचारलाच नाही. भरणा शून्य, आणि अकरावीत चेक फाडायचा!

शेजारचं पोरगं दहावीला इंग्रजीत ८० च्या वर मार्क घेऊन सायन्सला गेलं, आणि आठव्या दिवशी माझ्याकडे आलं. "काका, मॅडम पूरा तास इंग्लिशच बोलून राह्यल्या. मले वाटलं, मधात एखांदा शब्द तरी मराठीत टाकतीन. आर्ट्सले जाऊ का?" इंग्रजीचा पेपर आर्ट्सलाही तोच असतो, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघवेना.

आता काही पालक मॅडमना भेटून 'मराठीतून समजावून सांगा' असा अर्ज देणार आहेत. माझी सही मागायला आले होते. दिली नाही. दहा वर्षांत पोराशी खरं इंग्रजी बोलणारं हे पहिलं माणूस, आणि अर्ज तिच्याच विरुद्ध? गाईडविरुद्ध आजवर कुणी अर्ज दिला? द्यायचाच तर असा द्या, की अकरावीचा पहिला महिना पुस्तक बंद ठेवून नुसतं ऐकू द्या, बोलू द्या. आठवीपासून आठवड्याला एक तास बिनपुस्तकाचा ठेवा. त्यावर मी सही करीन, बँकेच्या पेननं करीन, आणि ते पेन दोरीसकट आणीन.

शेजारचं पोरगं आर्ट्सला गेलं नाही. वर्गात न कळलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर, जसे ऐकू येतील तसे, देवनागरीत उतरवतं आणि संध्याकाळी डिक्शनरी घेऊन माझ्याकडे येतं. परवा भर वर्गात उभं राहून म्हणालं, "मॅडम, आय डिडन्ट अंडरस्टूड." मागची बाकं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते सगळं पुन्हा, जरा हळू सांगितलं, इंग्रजीतूनच.