पहिला नंबर

"काय रं, तुमचा पयला नंबर आला म्हनं!"

तात्यांचा फोन सकाळीच आला. मला वाटलं, पोरीच्या परीक्षेचं विचारतायत. "टीव्हीवर दावत्यात. ऱ्हायाला समद्यात चांगलं गाव म्हंजी पुणं."

ही ऑगस्ट २०१८ मधली गोष्ट. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयानं १११ शहरांची यादी काढली होती. ७८ निकष लावले होते. पुणं पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. आमच्या सोसायटीत पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इथंच शिकलो, इथंच नोकरी केली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथंच झालं. पुण्याला शिव्या घालून पुण्यातच राहणाऱ्यांतला मी नाही.

पण तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या बोलण्यात खोच असते.

आमचं गाव यवतच्या अलीकडं, बेबी कालव्याच्या कडंला. हा इंग्रजांच्या काळातला जुना कालवा. पुणं खडकवासल्याचं पाणी पितं. पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणीही तिथूनच येतं, आणि त्याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती उभी आहे. शहर फुगत गेलं तसा त्याचा वाटा वाढला, आमची आवर्तनं आखडली. त्या बदल्यात शहराचं सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलायचं आणि बेबी कालव्यात सोडायचं असं ठरलं. कागदावर हे चांगलंच आहे. पाणी वाया जाऊ नये हे कुठल्या शेतकऱ्याला पटणार नाही?

आमच्या बांधावर येतं ते पाणी मात्र काळपट असतं. दारं धरायला उभं राहिलं की वास नाकात बसतो, पाटाच्या वळणावर फेस साठतो. कालव्याखालच्या आमच्या विहिरीत मी लहानपणी मुटके मारायचो आणि पोहता पोहता तेच पाणी प्यायचो. आता ते पाणी ऊस पितो, माणूस पीत नाही. आई म्हणते, "ह्या पान्यात डाळ शिजंना." पिण्याला जार येतो, वीस लिटरचा, विकतचा. गावाला कालवा आहे, विहीर आहे, आणि जारवाल्याची उधारीची वही आहे.

आता मला सांगा, ७८ निकषांच्या कुठल्या रकान्यात आमची विहीर बसते? शहराला नळानं पाणी मिळतं का, हे मोजलं जातं. ते वापरून झाल्यावर कुणाच्या दारात जातं, हे मोजायचं तर हद्द ओलांडावी लागेल. आणि सगळी गंमत त्या हद्दीतच आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं बघा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथं जाऊन पडला, डोंगर झाले, विहिरी नासल्या, लोकांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. तेव्हा ती गावं हद्दीबाहेर होती. २०१७ साली त्यांना शहरात घेतलं. २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली. रेघ हलली, कचऱ्याचा डोंगर होता तिथंच राहिला. घर झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्या बाईला आमच्याकडं कुणी टापटिपीची म्हणत नाही. चांगला शब्द आहे तिच्यासाठी, पण तो पुस्तकात लिहिता येत नाही.

आणि हद्दीच्या आत तरी सगळ्यांचाच पहिला नंबर होता का? निकाल लागून दीड महिना झाला नव्हता. २७ सप्टेंबरला दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीतल्या घरांत पाणी शिरलं. भर दिवसा, पाऊस नसताना. लोकांची भांडी, गाद्या, पोरांची दप्तरं वाहून गेली. तात्यांनी टीव्हीवर बघून पुन्हा फोन केला. या खेपेला खोच नव्हती. "आरं, त्यो आपल्याकडं येनारा कालवा. आपलं पानी गेलं, आन् त्या गरिबांचं घर गेलं."

पुढच्या यादीत पुणं दुसरं आलं, बंगळूर पहिलं. माझा एक मित्र हळहळला. तो बालेवाडीला राहतो. त्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात आणि मीटिंगमध्ये त्यावरून भांडणं होतात, तरी हळहळला.

दिवाळीनंतर तात्या डोळे दाखवायला आमच्याकडं आले होते. मी जुन्या पेठेत राहतो, नळाला पाणी चांगलं येतं. तात्यांनी तांब्या भरून घेतला, उजेडाकडं धरून आत बघितलं.

"खडकवासल्याचं?"

"हो."

उभ्या उभ्याच वरून घटाघटा प्यायले. मिशा पुसल्या.

"ग्वाड हाय."

दुसऱ्या दिवशी दौंडच्या डेमूला बसवायला गेलो, तर पिशवीला वजन लागलं. आत पाच-पाच लिटरचे दोन कॅन. पहाटेच उठून नळाखाली धरले होते.

"वैनीला डाळीपुरतं व्हईल," म्हणाले.