चौदा माणसं आणि एक परकं घर

मे महिना जवळ आला की आमच्या स्टाफरूममध्ये सुट्टीच्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्यात एक नवी गोष्ट ऐकू येते. कुणाचा भाऊ आखातात असतो, कुणाची बहीण इंग्लंडमध्ये. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, मग कुणीतरी म्हणतं, "एकदा तिसऱ्याच देशात भेटू. हॉटेलच्या सहा खोल्यांऐवजी गावाकडचं एक मोठं घर आठवडाभर भाड्याने घेऊ."

आम्ही हे २०२४ च्या मे अखेरीस केलं. भाईजान दोह्याहून, आपा इंग्लंडहून आणि आम्ही अम्मींना घेऊन कोकणातून, असे चौदा जण तुर्कस्तानात एका डोंगरी खेड्यातल्या विलात राहिलो. त्यातलं काय जमलं आणि काय चुकलं, ते आज लिहिते. जे चुकलं ते लिहायला जड जातं, पण तुमच्या कामाचं तेच जास्त आहे.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांसारखंच केलं. रात्री व्हॉट्सअॅपवर घरांचे फोटो टाकायचे आणि प्रत्येकाने "माशाअल्लाह" लिहायचं. पंधरा दिवसांत तीस घरं झाली आणि ठरलं काहीच नाही. शेवटी मी मास्तरकी केली. म्हटलं, घरांची यादी बंद, आधी माणसांची यादी करू. अम्मी बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. भाईजानचा धाकटा साडेतीन वर्षांचा. दुल्हेभाई जोरात घोरतात. भाभी पडद्याच्या बाबतीत काटेकोर आहेत. आमची लेक गाडीत बसली की उलट्या करते. ही यादी समोर ठेवल्यावर तीसपैकी चोवीस घरं आपोआप गळाली.

अम्मींच्या गुडघ्यांसाठी आपाने एक प्रश्न शोधून काढला, तो मला फार आवडला. "तळमजल्यावर बेडरूम आहे का?" असं तिने विचारलंच नाही. तिने विचारलं, "गाडी जिथे थांबते तिथपासून पलंगापर्यंत किती पायऱ्या?" डोंगरउतारावरच्या घरात तळमजला म्हणजे रस्त्याच्या पातळीचा मजला नव्हे. एका घराचं उत्तर आलं, एकतीस. दुसऱ्याचं आलं, चार. आम्ही चार पायऱ्यांचं घर घेतलं.

तसंच झोपण्याच्या जागांचं. "चौदा जणांची सोय" असं जाहिरातीत असतं, पण त्यात दिवाणखान्यातला सोफाही मोजलेला असतो. प्रत्येक खोलीत पलंग किती, जोडपलंग की सुटे, न्हाणीघरं किती, हे लिहून मागा. दक्षिण तुर्कस्तानात छपरावर सूर्यबंब असतात. चौदा जण एकामागोमाग न्हायले तर शेवटच्याला थंड पाणी मिळतं. विजेचा गीझरही आहे का, ते विचारा. तिथल्या संडासाच्या भांड्यालाच पाण्याची तोटी बसवलेली असते, त्यामुळे इस्तिंजाची अडचण येत नाही. इटलीतही १९७५ पासूनच्या नियमामुळे घरोघरी बिदे असतो. इंग्लंड-फ्रान्सच्या खेड्यात मात्र लोटा बॅगेत असू द्या.

जागा नकाशावर पाहताना किलोमीटर पाहू नका, वेळ पाहा. आमचं घर कल्कान या किनाऱ्यावरच्या गावाच्या वर, इस्लामलार नावाच्या खेड्याजवळ होतं. डोंगरातलं थंड पाणी, ट्राउट मासे तळून देणारी छोटी खाणावळ, ऑलिव्हची झाडं. नावच असं की मुलं पाटीसमोर उभी राहून फोटो काढत होती. पण दालामानच्या विमानतळापासून तिथवर दीड-दोन तास लागतात आणि शेवटचा रस्ता घाटाचा. आमची लेक दोनदा उतरली. दुकानासाठी खाली कल्कानला जायचं, सरकारी रुग्णालय त्याहून पुढे काशला, वळणावळणाच्या रस्त्याने. तिथे सगळ्या आपत्तींसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे, तो पहिल्याच दिवशी फ्रिजवर चिकटवा.

गाड्या लागतातच. चालक धरून नऊ जणांची एक व्हॅन आणि एक गाडी घेतली. तुर्कस्तानात वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. आपण आणि इंग्लंडवाले डावीकडचे. भाईजानला दोह्यात उजव्या बाजूची सवय आहे, म्हणून व्हॅन त्यांच्याकडे दिली. गाडी कोण चालवणार हे घर ठरवण्याआधीच ठरवा. चालवणारं कुणी नसेल तर डोंगरातलं सुंदर घर घेऊ नका. किनाऱ्यावरच्या गावातलं साधं घर बरं.

आता पैशांकडे येते. सहा बेडरूमच्या घराचं आठवड्याचं भाडं १,८०० पौंड. तीन कुटुंबं, म्हणजे प्रत्येकी सहाशे, असा पहिला हिशोब झाला. आमच्यासाठी ते साठ हजार रुपयांच्या वर जात होतं, आणि चार विमानाची तिकिटं वेगळी. आपा म्हणाली, "तू गप्प बस, तुझं मी भरते." मुलांचे अब्बू म्हणाले, "मग आपण जायलाच नको." दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही.

मग मी कुटुंबांऐवजी खोल्यांनी वाटणी केली. खोलीला तीनशे पौंड. भाईजानच्या दोन खोल्या, आपाच्या दोन, आमची एक, कारण आमची लेक अम्मींजवळ झोपणार होती आणि लेक मामेभावांच्या खोलीत. अम्मींच्या खोलीचे तीनशे तिघा भावंडांत वाटले, शंभर शंभर. आमचे झाले चारशे, त्यांचे सातशे-सातशे. खाण्याचा बटवा वेगळा ठेवला, तो माणशी. भाईजानने अम्मींचं तिकीट काढलं, ते हदिया म्हणून, सगळ्यांना सांगून. आम्हाला काही रक्कम दोन महिन्यांनी द्यायची होती, ती तारखेसह लिहून ठेवली. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करायला सांगितलंय. ती भावाबहिणींसाठी नाही, असं कुठे म्हटलंय? लिहिल्यामुळे परकेपणा येईल असं मला वाटलं होतं. उलट मुलांचे अब्बू त्या कागदानंतर मोकळे झाले.

पैसे पाठवण्यापूर्वी घर खरं आहे का, तेही पाहायचं. एक घर आम्हाला अर्ध्या भाड्यात मिळत होतं. मालक म्हणवणारा म्हणे, संकेतस्थळावरून नको, थेट माझ्या खात्यात पूर्ण रक्कम टाका. भाचीने ते फोटो इंटरनेटवर शोधले तर तेच घर दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने निघालं. तुर्कस्तानात १ जानेवारी २०२४ पासून कायदाच आहे की शंभर दिवस किंवा त्याहून कमी मुदतीसाठी पर्यटकांना घर द्यायचं तर पर्यटन मंत्रालयाचा परवाना हवा आणि त्याची पाटी दारावर लावलेली हवी. आम्ही परवान्याचा क्रमांक आणि पाटीचा फोटो मागितला. ज्यांनी तो लगेच दिला त्यांच्याशीच पुढे बोललो. इटलीतही २०२५ पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो जाहिरातीत नसेल तर पुढे जाऊ नका. पोहोचल्यावर आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, मग बॅगा उघडा. अनामत परत मागताना तो उपयोगी पडतो.

आता पोहण्याच्या तलावाबद्दल.

तुर्कस्तानात एका प्रकारच्या विलांना 'मुहाफजाकार' म्हणतात. आपल्या 'मुहाफिज'च्याच घराण्यातला शब्द, अर्थ परंपरा जपणारा. अशा घरात तलावाभोवती उंच भिंत असते, बाहेरून काही दिसत नाही, बायका निर्धास्त पोहू शकतात. भाभींसाठी आम्हाला तसंच हवं होतं. डोंगरात एक पेच असतो, रस्त्यावरून दिसत नाही पण वरच्या घराच्या गच्चीवरून दिसतं. म्हणून आम्ही मालकाला सांगितलं, तलावाच्या काठावर उभं राहून चारही बाजूंना फोन फिरवून दाखव. त्याने दाखवलं. भिंत उत्तम होती. आम्ही खूश झालो आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतरची गोष्ट. पुरुष खाली बाजारात गेलेले. आम्ही तिघी स्वयंपाकघरात, अम्मी तसबीह घेऊन ओसरीवर. मुलं आत खेळताहेत असं मी समजत होते. आपाला वाटलं, धाकटा भाभींपाशी आहे. भाभींना वाटलं, अम्मींपाशी. दिवाणखान्याचं काचेचं दार सरळ तलावाच्या काठावर उघडत होतं. मध्ये कठडा नाही, दाराला वरची कडी नाही. आमचा तेरा वर्षांचा लेक पाणी प्यायला आला आणि त्याला तलावात एक लहान चप्पल तरंगताना दिसली. तो कपड्यांसकट धावला. धाकटा आतल्या पायरीवर उभा होता, पाणी हनुवटीपर्यंत, दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरलेला. रडत नव्हता, हाकही मारत नव्हता. पुढची पायरी खोल पाण्यात होती.

अल्हम्दुलिल्लाह, त्याला काही झालं नाही. भाभी त्याला मांडीवर घेऊन इशापर्यंत उठल्या नाहीत. मी रात्रभर जागी होते. वीस वर्षं मी शाळेच्या सहली नेते. बसमध्ये चढताना मुलं मोजते, उतरताना मोजते, पाण्याजवळ दर दहा मिनिटांनी मोजते. पण घरचे चौदा जण जमले तेव्हा मी मोजलं नाही, कारण घरात मोठी माणसं आठ होती. आठ जण असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी पाहतंय. आणि ज्या भिंतीने आमचा पडदा राखला, त्याच भिंतीमुळे स्वयंपाकघरातून तलाव दिसत नव्हता. फोटोत ती भिंत मी दहा वेळा पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहलीसारखा तक्ता केला. पहाऱ्यावर एका वेळी एकच माणूस, अर्धा तास, गळ्यात शिट्टी. शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय उठायचं नाही. पहाऱ्यावर फोन नाही. काचेच्या दारासमोर रात्री सोफा आडवा. दुल्हेभाईंनी आधी चेष्टा केली, मग सगळ्यात जास्त पहारे त्यांनीच दिले.

फ्रान्समध्ये २००३ चा कायदा आहे. घराच्या खासगी तलावाला कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा छत, यांपैकी एक तरी लागतंच. सगळीकडे असं असेलच असं धरून चालू नका. घर कुठलंही असो, लहान मूल सोबत असेल तर तीन गोष्टी लिहून विचारा. तलावाभोवती बंद होणारं फाटक आहे का? घरातून तलावाकडे जाणाऱ्या दारांना मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कडी आहे का? स्वयंपाकघरातून तलाव दिसतो का? उत्तर "नाही" आलं तर बिनतलावाचं घर घ्या. समुद्र जवळ असतोच.

बाकीचे दिवस छान गेले. कल्कानच्या गुरुवारच्या बाजारातून भाजी आणि ओले तुतीचे वाडगे आणले. खाटकाकडून मटण आणलं, प्रेशर कुकर आणि मसाला मी घरूनच नेला होता. एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं भाड्याच्या घरात नसतं, ते आधी विचारून ठेवा. मगरिब सव्वाआठच्या सुमारास, इशा दहाला, त्यामुळे जेवणं उशिरा होत. तिथे किब्ला आग्नेयेला आहे. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या अम्मी रोज जानमाज अंथरताना थबकत, मग हसून वळवत. शेवटच्या संध्याकाळी तिन्ही भावंडांची मुलं त्यांच्या मागे एका ओळीत उभी राहिली. त्यासाठीच तर गेलो होतो.

परत आल्यावर आम्ही आधी गावी गेलो. आमच्या जुन्या घराच्या परसात विहीर आहे, कठडा माझ्या गुडघ्याएवढा. दर मे महिन्यात आखातातून, मुंबईतून दहा-बारा मुलं तिथे येतात आणि आम्ही सगळे ओटीवर गप्पा मारत बसतो. मुलांच्या अब्बूंनी दुसऱ्याच दिवशी लोहाराला बोलावून तोंडावर जाळी बसवून घेतली. शिट्टी मी ओटीवरच्या खुंटीला लावून ठेवली आहे.