निरंक

एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. एक उपकेंद्र, पाच पाडे. महिनाअखेरीला तालुक्याला अहवाल जायचा आणि बालमृत्यूच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं की वरचे खूश. एकदा दोन मृत्यू झाले ते दोन लिहिले, तर आठवड्यात 'कारणे दाखवा' हातात! दोन दिवस जगून गेलेलं बाळ 'उपजत मृत' दाखवायचा सल्लाही मिळाला. मग हात आखडतो. डॉ. अभय बंग यांच्या 'कोवळी पानगळ' अहवालानं २००१ साली सांगितलं, की सरकारी नोंद खऱ्या बालमृत्यूंपेक्षा कितीतरी कमी आहे. आम्हा सेविकांना त्याचं नवल वाटलं नाही.

वजनांचंही तसंच. ताणकाट्याला झोळी अडकवायची, बाळ ठेवायचं. ते पाय झाडतं, काटा नाचतो. तो थांबेपर्यंत दम धरला तर वजन, नाहीतर अंदाज. आणि अंदाज कधी खाली जात नाही.

पण खरी गंमत दिवाळीनंतर. मुकादमाची उचल घेतलेली घरं वीटभट्टीवर जायची, पोरं काखोटीला मारून. जानेवारीत वजनाला उरायची ती ज्यांच्या कणगीत दाणे आहेत त्यांचीच मुलं. कुपोषणाची टक्केवारी आपोआप उतरायची, आढावा बैठकीत कौतुक व्हायचं. पावसाच्या तोंडावर भट्टीवरची पोरं परतली की दंडपट्टी लाल दाखवायची, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्याही आत. तोवर पुढच्या वर्षाचा आराखडा जानेवारीच्या आकड्यांवर बेतून झालेला असायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. पाहणी चांगलीच आहे, पण तिचा आकडा जिल्ह्याशी थांबतो. कुठल्या पाड्यावर आहार आधी पोचवायचा, हे तो कसा सांगणार?

ते गावचं रजिस्टर सांगतं. आता ॲप आलं, स्थलांतराचीही नोंद होते म्हणे. उत्तम. पण माहिती नुसती वर जाते, गावाला स्वतःचा आकडा कुणी सांगत नाही. दिवाळीआधी एकदा आणि भट्टीवरची माणसं परतल्यावर एकदा, ग्रामसभेत तो नावं न घेता मोठ्यानं वाचा. आणि मृत्यू खरा लिहिणाऱ्या सेविकेला नोटीस देऊ नका.

भट्टीवर गेलेल्या मुलांसाठी मी रजिस्टरात पेन्सिलनं एक रकाना आखला होता. छापील नमुन्यात तो नव्हता.