नक्राश्रूंची कसोटी

भक्ष्य गिळताना मगर रडते, अशी समजूत मध्ययुगीन युरोपात रूढ होती. चौदाव्या शतकातील जॉन मँडेव्हिलच्या नावावर असलेल्या प्रवासवर्णनाने तिचा प्रसार केला, इंग्रजीने तिचा वाक्प्रचार बनविला, आणि मराठीने त्यास ‘नक्राश्रू’ असा संस्कृत पेहराव चढवून आपल्या पंक्तीस बसविले. शब्द परका खरा. पण त्याचा अर्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनवासी जनतेस परका नाही. तिच्या दुःखाने कळवळणाऱ्यांची वाण या जिल्ह्यांना कधीच नव्हती. वाण होती ती कळवळ्यासरशी हातची सत्ता सोडणाऱ्यांची.

बांबूचेच पाहा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. परंतु 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने त्याची गणना वृक्षांत केली. परिणामी बल्लारपूरच्या कागद गिरणीला या जंगलांतून बांबू मिळत राहिला. त्याच जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला मात्र तो तोडण्यासाठी खात्याकडे हात पसरावा लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेत वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली आणि गौण वनोपजात बांबूचा स्पष्ट नामनिर्देश केला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. कागदावर अन्यायाचे परिमार्जन झाले. पण बांबू गावाबाहेर नेऊन विकायचा, तर वाहतूक परवाना हवा. आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात! हक्क गावाचा, किल्ली खात्याची.

ग्रामसभेच्या हाती किल्ली दिल्यास जंगल उजाड होईल, ही भीती त्या वेळी बोलून दाखविली जाई. वस्तुतः मेंढा गाव त्यापूर्वीच कित्येक वर्षे सर्वसहमतीने निर्णय घेत होते आणि आपल्या जंगलाची राखणही करीत होते. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. 2012 च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले. बांबूला वृक्षांच्या व्याख्येतून वगळावयास मात्र 2017 साल उजाडावे लागले.

या इतिहासातून एक साधी कसोटी हाती लागते. रडणाऱ्याचे डोळे पाहू नयेत, हात पाहावेत. सहानुभूतीसरशी त्या हातांतून काही सुटले, तर अश्रू खरे. मूठ आवळलेलीच राहिली, तर ते मगरीचे.

आजही ही कसोटी निरुपयोगी झालेली नाही. वनजमीन खाणीसाठी वा अन्य कामासाठी वळविण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राने 2009 च्या परिपत्रकाने बजावले होते. 2022 च्या नियमांनी केंद्रीय मंजुरीपूर्वीची ती अट गळाली, आणि वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्यावर सोपविण्यात आली. निर्णय आधी आणि संमती मागाहून, या क्रमाने विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसून उपचार होय. ज्याच्या नकाराला किंमत नाही, त्याच्या होकाराचा गौरव कशासाठी?

आदिवासींच्या गौरवाची भाषणे होतच राहतील. श्रोत्यांनी टाळ्या वाजविण्यापूर्वी वक्त्याच्या मुठीकडे एकवार पाहावे, एवढेच.