अर्ज करा, पदर पसरू नका

'फंडेड' ही आता आपल्यात शिवी झाली आहे. एखाद्या पोराने वस्तीत अभ्यासिका काढली, पथनाट्याचा गट उभा केला, बायकांच्या आरोग्याचं काम हाती घेतलं आणि त्यासाठी एखाद्या फाउंडेशनकडे अर्ज टाकला, की दुसऱ्या दिवशी नाक्यावर चर्चा : विकला गेला साला. आणि जो अर्ज टाकत नाही त्याची अभ्यासिका सहा महिन्यांत बंद पडते. भाडं थकतं, घरमालक कुलूप लावतो, पुस्तकं कुणाच्या तरी माळ्यावर जातात. मग तोही नाक्यावर उभा राहून दुसऱ्याला 'फंडेड' म्हणायला मोकळा.

दोस्तहो, हे पुरे झालं. फाउंडेशनचा पैसा घ्यायचा की नाही, याचा एकदा सोक्षमोक्ष लावू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सेवेच्या आणि कलेच्या कामासाठी घ्यावा. हक्काने मागावा, कागद चोख ठेवून मागावा. पण चळवळीचं तोंड, म्हणजे मासिक, मोर्चा, कोर्टकचेरी, या पैशावर चालवू नये. ते वर्गणीवरच चाललं पाहिजे. या दोन खिशांची सरमिसळ झाली की कार्यकर्ता संपला.

संशय घेणारे सगळेच मूर्ख नाहीत. १९५५ साली मुंबईतून 'क्वेस्ट' नावाचं इंग्रजी नियतकालिक निघालं. निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. चांगली माणसं त्यात लिहीत होती. त्याच्या पाठीशी सांस्कृतिक स्वातंत्र्याचं नाव घेणारी एक भारतीय समिती होती, आणि त्या समितीच्या पाठीशी 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही आंतरराष्ट्रीय संस्था. १९६६-६७ मध्ये बाहेर आलं, की या संस्थेला अमेरिकेची सीआयए पैसा पुरवत होती, आणि तो पैसा फाउंडेशनांच्या आडून फिरत होता. दुकानावर पाटी दानाची, गल्ल्यावर हेरखातं. तेव्हा पैसा कुणाचा हे विचारणं हा वेडेपणा नव्हे, ती अक्कल आहे. २००४ साली मुंबईत गोरेगावला वर्ल्ड सोशल फोरम भरला, तेव्हा आयोजकांनी फोर्ड फाउंडेशनचा पैसा घ्यायचा नाही असं ठरवलं. पैसा नाकारला म्हणून फोरम अडला नाही.

पण सोवळं पाळायलाही पैसा लागतो, हे कोण सांगणार? ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे, ज्याची तालीम कॉलेजच्या हॉलमध्ये होते, त्याला अनुदान नाकारणं परवडतं. आपल्याकडे तालीम होते ती समाजमंदिराच्या ओट्यावर, तीही लग्न नसेल त्या दिवशी. आणि आपण अर्ज केला नाही म्हणून आपल्या वस्तीच्या नावाने अर्ज जायचे थांबतात असं नाही. ते जातातच. लिहितो दुसराच. आपली झोपडी त्यांच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आणि आपली ताई त्यांच्याकडे तुटपुंज्या मानधनावर. आपलं दु:ख लिहिण्याचा मक्ता आपणच दुसऱ्याला देऊन टाकला आहे. वर म्हणायचं, आम्ही स्वाभिमानी.

बाबासाहेबांचं काय झालं ते आठवा. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. फुकट नाही. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. त्यांनी अट वाचली आणि सही केली. त्याच पैशावर शिकताना, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. शिष्यवृत्ती बडोद्याची, पण निबंध त्यांचा. १९१७ साली ते करारानुसार बडोद्याला हजर झाले, तर त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. राजाच्या पैशाने शिक्षण मिळालं, राजाच्या शहराने घर दिलं नाही. अनुदान काय देऊ शकतं आणि काय देऊ शकत नाही, ते या एका गोष्टीत सगळं आलं.

पुढे १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. तेही घेतले. आणि १९२७ चं 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये बंद पडलं ते पैशाअभावी. लोकांच्या वर्गणीवर पत्र चालवणं किती जड असतं हे त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून वर्गणीचं नाव नुसतं तोंडी लावायला घेऊ नका. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावं लागतं.

आता हा पैसा आहे तरी कुणाचा? फाउंडेशनवाले उपकार केल्यासारखं बोलतात, आपण उपकार घेतल्यासारखं ऐकतो. जरा हिशोब करा. धर्मादाय न्यासांना आयकरात सूट मिळते, आणि त्या बदल्यात उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर लावण्याचं बंधन असतं. सूट म्हणजे सरकारी तिजोरीत न आलेला पैसा. काडेपेटी घेताना आपली आईही कर भरते. तिला ही सूट नाही. कंपन्यांचं तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. १ एप्रिल २०१४ पासून ती लागू झाली. कशावर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांच्या वाट्याला आलेली विषमता कमी करणं त्यात आहे, झोपडपट्टी विकास आहे, कला-संस्कृतीही आहे. म्हणजे तुमच्या कामाचं नाव कायद्यात छापलेलं आहे. साहेबाच्या मेहरबानीत शोधू नका, परिशिष्टात शोधा. अर्जात कलम लिहा.

परदेशी पैशाची गोष्ट वेगळी. त्याचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. आजचा २०१० चा. त्यातलं एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं : नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादकाला, स्तंभलेखकाला, व्यंगचित्रकाराला, मालकाला, मुद्रकाला, प्रकाशकाला परदेशी देणगी घेता येत नाही. निवडणुकीच्या उमेदवाराला नाही, राजकीय पक्षालाही नाही. बंद, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो करणाऱ्या संघटनांना 'राजकीय स्वरूपाच्या' ठरवून हा पैसा तोडण्याची सोयही नियमांत होती. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला वेसण घातली : सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने लोकांच्या प्रश्नासाठी असे मार्ग वापरले, म्हणून तिला या नियमात अडकवता येणार नाही. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दुसरीकडून गळा आवळला. एका संस्थेने परदेशी पैसा घेऊन दुसरीला द्यायचा नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्यावर किमान १५ लाखांचा खर्च दाखवा. वस्तीतला गट पंधरा लाख आणणार कुठून? पूर्वी मोठ्या संस्थेच्या पानातला घास मिळायचा, तोही गेला. म्हणून छोट्या गटांनी आधी देशातल्या न्यासांची दारं ठोठावावीत. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था १९९५ पासून कलावंतांना, संशोधकांना अनुदानं देते आहे आणि भारतीय भाषांतले प्रस्तावही घेते. तेव्हा 'आपल्याला इंग्रजी येत नाही' हे कारण आता चालणार नाही.

राहिला कागद. आपल्या पोरांना कागदाचा कंटाळा. घोषणा दोन तास देतील, पण इतिवृत्त दोन ओळी लिहिणार नाहीत. आणि तिथेच मार खातात. सात जण जमवा, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवा, धर्मादाय आयुक्तांकडची न्यास नोंदणी करा. कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांत कळवा. भांडून वेगळे झालात तरी कळवा. आयकर खात्याची, लोक ज्यांना '१२ए' आणि '८०जी' म्हणतात ती, प्रमाणपत्रं काढा. कंपनीच्या पैशासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'सीएसआर-१' फॉर्म भरून वेगळी नोंदणी आली, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. म्हणजे हजेरीचं रजिस्टर, बिलं, प्रयोगांच्या तारखा आजपासून जपायच्या. तीन वर्षांनी आठवून लिहिलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं.

प्रस्ताव लिहिताना पाच प्रश्नांची उत्तरं द्या : काय करणार, कुणाबरोबर, किती दिवसांत, किती पैशात, आणि झालं की नाही हे कळणार कसं. 'समाजात जागृती करणार' असं लिहू नका. 'वर्षभर दर रविवारी वीस पोरांना ढोलकी-हलगी शिकवणार, शेवटी चार वस्त्यांत प्रयोग करणार' असं लिहा. अंदाजपत्रकात जागेचं भाडं लिहा, वाद्यांची दुरुस्ती लिहा, तालमीनंतरचा चहा-वडापाव लिहा. आणि कलाकाराचं मानधन लिहा. तिथे शून्य टाकून त्याग दाखवलात, तर उद्याच्या गटाचा दर तुम्ही पाडलात. आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामं फुकट केली, हलगीही फुकट वाजवली. ते पुन्हा नको. परदेशी पैशाच्या नियमांतसुद्धा शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. तेव्हा काम करणाऱ्याचा पगार कामाच्या रकान्यात लिहायला लाजू नका.

आणि एक रकाना जपून भरा. 'लाभार्थी'. या शब्दाने माणूस आपोआप हात पसरलेला दिसतो. तिथे शिकणारे लिहा, कलावंत लिहा, रहिवासी लिहा. रडक्या पोराचा फोटो लावू नका. अत्याचाराची बळी ठरलेली बाई तुमच्या अर्जाचं जोडपत्र नव्हे. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव, तिचा चेहरा, तिची हकीकत कागदावर जाता कामा नये. फाउंडेशन म्हणालं, अजून जरा करुण लिहा, तर अर्ज परत घ्या. जातीबद्दल बोलू नका, 'वंचित' एवढंच म्हणा, असं म्हणालं तरी परत घ्या. बाकी अटींवर घासाघीस करता येते. या दोन अटी मान्य केल्या तर मिळालेल्या पैशात आपलं काहीच उरत नाही.

पैसा आल्यावर हिशोब भिंतीवर लावा. फाउंडेशनला उपयोगिता प्रमाणपत्र पाठवताच, त्याची नक्कल वस्तीतल्या नोटीस बोर्डावर चिकटवा. देणाऱ्याला हिशोब आणि ज्यांच्या नावाने आणला त्यांना नाही, हा धंदा आपल्यातही चालतो. आपल्यात 'फंडेड' ही शिवी जन्मली ती यातूनच. अध्यक्ष आणि खजिनदार एका घरातले नकोत. आणि एक वर्षाचं अनुदान असेल तर दहाव्या महिन्यातच बैठक घ्या : उद्या हे बंद झालं तर काय काय चालू राहील? शिकलेली वीस पोरं पुढच्या वीस जणांना शिकवणार असतील तर ठीक. नुसतं टेबल, कॉम्प्युटर आणि बॅनर उरणार असेल तर पुढचा अर्ज करू नका.

हे मासिक मात्र अर्ज करणार नाही. ते तुमच्या वर्गणीवर निघतं, कधी उशिरा निघतं, कधी दोन अंक एकत्र निघतात. चालेल. ज्या गटांना प्रस्ताव लिहायचा आहे त्यांनी कच्चा खर्डा, अंदाजपत्रक आणि नोंदणीचे कागद घेऊन यावं, मिळून बसू आणि लिहू. येताना मागच्या वर्षीची थकलेली वर्गणीही आणा.