डब्यातला किल्ला घ्यावा की नाही?



मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून बाहेर पडत होतो. चपला घालता घालता एका बांधवांनी गाठलं. ते एका कारखान्यात पाळीवर काम करतात. म्हणाले, "भाऊ, तुम्ही पेपरात घरखर्चावर लिहिता, मग एवढं सांगाच. पोरीला वाढदिवसाला किल्ल्याचा सेट पाहिजे. राजा, राणी, जादूगार, ड्रॅगन, सगळे तुकडे जोडून उभं करायचं. दुकानदार साडेअकराशे सांगतोय. घेऊ का नको?" मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साडेअकराशेत दोन्ही पोरांचे बूट येतात." मुलगी दोघांच्या मधे उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती, जसा काही मीच निकाल देणार होतो.

मी "पुढच्या अंकात लिहितो" म्हणून वेळ मारून नेली. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. असाच सेट दीड वर्षापूर्वी आमच्या घरी आला आणि त्या बाबतीत चूक माझ्याकडूनच झाली. ती रस्त्यात उभं राहून कशी सांगणार?

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. वर बटणांसारखे गोल उंचवटे आणि खाली पोकळी असलेले प्लास्टिकचे ठोकळे. एकावर एक दाबले की घट्ट बसतात, ओढले की सुटतात. याचं मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावात आहे. तिथल्या ओले किर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९३४ साली त्याने धंद्याला लेगो हे नाव दिलं. डॅनिश भाषेतल्या 'चांगलं खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांचं हे जोडरूप. आज आपण पाहतो त्या पद्धतीच्या ठोकळ्याचं पेटंट त्याच्या मुलाने २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं. पुढे १९७८ साली त्यांचा पिवळा किल्ला आणि हातपाय हलणारी छोटी माणसं आली. त्या वेळच्या सगळ्या माणसांचे चेहरे सारखेच, पिवळे आणि हसरे. कोण राजा आणि कोण शिपाई हे डोक्यावर काय घातलंय त्यावरून ठरायचं. आज बाजारात जे किल्ल्याचे सेट दिसतात, देशी असोत की परदेशी, ते बहुतेक याच वळणाचे.

मी बी. कॉम. झालेला कारकून माणूस, त्यामुळे खेळण्याकडेही आधी खतावणी उघडूनच पाहतो. आमच्या सेटमध्ये खोक्यावर लिहिल्याप्रमाणे ४३२ तुकडे होते. ११५० रुपये भागिले ४३२, म्हणजे तुकड्यामागे दोन रुपये सहासष्ट पैसे. महाग वाटत नाही. पण मुलीने तो दोन संध्याकाळी मिळून पाच तासांत जोडून संपवला. तासाचा हिशोब केला तर २३० रुपये पडले. आता कोणता आकडा खरा धरायचा? दोन्ही खरे आहेत. जोडून ठेवून दिलात तर दुसरा, मोडून पुन्हा पुन्हा वापरलात तर पहिला. चांगल्या ठोकळ्याला घसारा जवळजवळ नाहीच. १९५८ च्या पद्धतीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. थोरलीचा धाकट्याला आणि मामाचा भाचीला चालतो. कोमट पाण्यात साबण घालून धुतला की झालं. सेल लागत नाहीत, वीज लागत नाही. मोबाइलवर डोळे फोडण्यापेक्षा मूल दोन तास जमिनीवर बसून हातांनी काहीतरी करतं, हीसुद्धा जमेची बाजू.

खर्चाच्या बाजूलाही पुष्कळ आहे. पहिली गोष्ट नावाची किंमत. हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या शाळेचा किल्ला लेगोने २०१८ साली काढला. त्यात ६,०२० तुकडे होते, अमेरिकेतली किंमत सुमारे ४०० डॉलर आणि वय लिहिलं होतं १६ वर्षांपुढे. तो मोठ्यांच्या हौसेचा माल आहे. त्याचे फोटो पाहून आपल्या मुलांनी हट्ट धरला तर त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क आपल्याकडे २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ साली ७० टक्के झालं. म्हणून तो माल इथे हाताला चटका देतो.

स्वस्त नकलेची दुसरी तऱ्हा. आमच्या सेटमधले काही ठोकळे बसतच नव्हते. काही इतके घट्ट बसले की दातांनी ओढावे लागले (तसं करू नका, माझा दात दुखावला). दाराच्या कमानीचा एक तुकडा खोक्यात नव्हताच. दुकानदार म्हणाला, फोडलेला माल परत घेत नाही. तेव्हा घेताना एकच पाहा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आय.एस.आय. शिक्का सक्तीचा आहे. खोक्यावर तो नसेल तर पाचपन्नास रुपये वाचतात म्हणून घेऊ नका.

आणि हे तर जरूर वाचा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर किल्ल्याचा सेट घरात मोकळा पसरू देऊ नका. राजाचा मुकुट, तलवार, मेणबत्तीची ज्योत, हे तुकडे हरभऱ्याएवढे असतात. तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीचं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती लहानग्याच्या घशात अडकू शकते असं धरतात. म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं तोंड समजा. आपली घरं दहा बाय बाराची, थोरली खेळते तिथेच तान्हं रांगतं. अशा वेळी जुनी चादर अंथरायची, खेळ फक्त त्या चादरीवर, आणि उठताना चार कोपरे धरून गाठोडं बांधायचं. आमच्याकडे हीच रीत आहे. रात्रपाळी करून येणाऱ्या माणसाच्या अनवाणी पायाखाली एक ठोकळा आला की काय होतं, ते अनुभव घेतलेल्यालाच विचारा.

आता थोडं वेगळं. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते हा सेट पाहून माझ्यावर चिडले होते. "आपण बाबासाहेबांची माणसं. जादूगार, चेटकीण, ड्रॅगन हे घरात कशाला आणता?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे मला पटलं नाही. भानामती आणि बुवाबाजी माणसाला घाबरवून त्याच्या खिशात हात घालते. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्लास्टिकच्या जादूगाराला कुणी नारळ फोडत नाही की नवस बोलत नाही. चौथीतलं मूल खेळातलं खोटं आणि जगातलं खरं यांत चांगलाच फरक करतं, कधी कधी आपल्यापेक्षा चांगला.

माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. असल्या सेटमधली राजकन्या बहुधा बुरुजात उभी असते आणि राजपुत्र तिला सोडवायला येतो. दुकानातही मुलींसाठी गुलाबी किल्ला आणि मुलांसाठी करडा. गुलाबीत आरसा आणि पलंग, करड्यात तलवारी आणि तोफ. पण यावर उपाय फुकटात होतो. तलवार काढून राजकन्येच्या हातात द्या, बसते. आमच्या धाकटीला हे सांगावं लागलं नाही, तिने पहिल्याच दिवशी केलं.

माझ्या लहानपणी असलं काही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतली सगळी मुलं मिळून मातीचा किल्ला करायचो. दगडविटांचा ढीग, त्यावर पोतं, त्यावर चिखल, वर अळीव पेरायचे म्हणजे चार दिवसांत हिरवं रान उगवायचं. खर्च काय तो मातीच्या चार मावळ्यांचा. त्या किल्ल्याला नकाशा नव्हता. पायऱ्या कुठून न्यायच्या यावर भांडण व्हायचं आणि त्या भांडणातूनच किल्ला व्हायचा. आता अंगण नाही, माती आणायची कुठून? इमारतीच्या जिन्यात चिखल केला तर सोसायटीवाले ओरडतात. डब्यातला किल्ला आला तो त्या रिकाम्या जागेत. पण त्याच्यासोबत नकाशाची पुस्तिका येते. पान एक, पान दोन, हा तुकडा इथे, तो तिथे. मुलगी एकही चूक न करता ते जोडते आणि आपण म्हणतो, वा, हुशार आहे. नकाशाप्रमाणे काम करणं हेही शिक्षणच आहे, आयटीआयला जाणाऱ्या मुलांना विचारा. पण त्याच तुकड्यांतून दुसरं काय होतं, याचं पान पुस्तिकेत नसतं. आठ बटणांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात. हा गणितज्ञांनी मोजलेला आकडा आहे. सहा ठोकळ्यांची ही कथा, तर ४३२ ची काय असेल?

माझी चूक झाली ती इथेच. किल्ला उभा राहिला आणि मी तो शोकेसमध्ये ठेवला. वर पॉलिथिनची पिशवी घातली. पाहुणे आले की दाखवायचा, "आमच्या धाकटीने केला." मुलीने दोनदा विचारलं, "पप्पा, मोडू का? मला दुसरं काहीतरी करायचंय." मी म्हणालो, "साडेअकराशेची वस्तू मोडायची असते का?" तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. सात महिने तो किल्ला तिथे होता. मुलगी त्याच्यासमोर बसून रिकाम्या काड्यापेट्यांची घरं करायची. हे मला दिसत होतं. शोकेसच्या काचेवरची धूळ मी पुसत होतो आणि मला वाटत होतं की मी वस्तू सांभाळतोय.

मग गावाहून आई आली. माझ्या आईने तरुणपणी बांधकामावर रोजंदारीने विटा वाहिल्या. आम्हा भावंडांची फी त्यातून गेली. तिने चष्मा पुसून किल्ला नीट पाहिला. राजा पाहिला, राणी पाहिली, जादूगार आणि घोडाही पाहिला. मग विचारलं, "आणि गवंडी कुठाय? हे बांधलं कुणी?" धाकटी म्हणाली, "आज्जी, मी बांधलं." आई म्हणाली, "तू बांधलंस, मग तुझं माणूस यात कुठाय?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला काही बोलता आलं नाही.

खऱ्या किल्ल्याला माणसं किती लागतात हे मला पुढे कळलं. फ्रान्समधल्या बर्गंडी भागात गेदलों नावाच्या ठिकाणी १९९७ साली काही लोकांनी तेराव्या शतकातल्या पद्धतीने नवा किल्ला बांधायला घेतला. दगड तिथल्याच खाणीतून काढायचा, अवजारं तिथल्याच लोहाराने करायची, दोर तिथेच वळायचे आणि माणसाने मोठ्या चाकात चालून दगड वर चढवायचा. वर्षामागून वर्षं गेली तरी काम चालूच राहिलं. खाणकामगार, पाथरवट, सुतार, लोहार, कौलं भाजणारे, गाडीवान, एवढी माणसं. डब्यातल्या सेटमध्ये यांतलं कुणीही नसतं.

असो. त्या बांधवांना उत्तर द्यायचं आहे. मुलांचे बूट फाटलेले असतील तर आधी बूट, यात वाद नाही, आणि मुलीला तसं स्पष्ट सांगा, तिला कळतं. उधारीवर किंवा हप्त्यावर खेळणं घेऊ नका. बूट होऊन पैसे उरत असतील तर किल्ल्याऐवजी साध्या चौकोनी ठोकळ्यांचा डबा पाहा, त्यात किल्लाही होतो. पण तिचं मन किल्ल्यावरच असेल तर लहान सेट घ्या, मात्र घरी आल्या दिवशीच सगळ्यांसमोर कबूल करा की आठवड्याने तो मोडायचा आहे. तेवढी तयारी नसेल तर नका घेऊ. चार घरांनी वर्गणी काढून एक डबा विहारातल्या बालवर्गात ठेवला तर आणखी बरं. आमच्याकडे आम्ही तेच करायचं ठरवतोय, मोजदाद ठेवायला एक वही लागेल, ती माझ्याकडे.

आमच्या किल्ल्याचं त्या संध्याकाळीच निकालात निघालं. मी स्वतः शोकेस उघडली, पिशवी काढली आणि खाली चादर अंथरली. धाकटीने सगळा किल्ला मोडला, मोठ्या आवाजात. मग आजीला शेजारी बसवून भिंत रचायला घेतली. पण भिंतीवर काम करायला माणूस कुठून आणणार, सेटमध्ये तर सगळे दरबारी. तिने राजाचा मुकुट ओढून काढला. त्याच्या डोक्यावरही एक बटण असतं, मुकुट त्यावरच बसवलेला असतो. त्या बटणावर तिने एक लाल वीट दाबून बसवली. बरोबर बसली.

आईने तो राजा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "एकच वीट घेऊन कोण चढतंय? मुकादम ओरडंल. सहा तरी ठेव." आणि दोघी मिळून आणखी विटा शोधायला लागल्या.