भारी पाने कधी झाकावीत? जावळी, पानिपत आणि चाकण (धागा)

‘आपली पाने कधीच दाखवू नयेत’ हे वाक्य हिंजवडीसारख्या आयटी वसाहतीत पोकरच्या गप्पांपासून पगारवाढीच्या सल्ल्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. पैशांचा ऑनलाइन पोकर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला. वाक्य मात्र चालूच आहे. त्याला दाखला म्हणून हमखास प्रतापगड दिला जातो. दाखला उत्तम आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

दिवाळीत मांडल्या जाणाऱ्या तीनपत्तीत हे सूत्र बहुधा खपून जाते. तीन पाने एकदा वाटली की बदलत नाहीत. हाती ट्रेल असेल तर बेताने चाल करीत राहावे, समोरच्याला रंगात येऊ द्यावे. त्याच्या हातातला कलर काही केल्या ट्रेल होणार नाही.

पोकरचे तसे नाही. तेथे पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात. बलवान खेळाडूने पुढचे पान फुकटात उघडू दिले, तर दुबळ्याचा हातही वरचढ होऊ शकतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात म्हणूनच हात झाकण्याला कडक अटी घातल्या आहेत: हात फारच भारी हवा, पुढच्या पानाने प्रतिस्पर्धी आपल्यावर मात करील अशी शक्यता नगण्य हवी, आणि पटावरची रक्कम अजून फार वाढलेली नसावी.

इतिहासातही पाने उघडतच राहतात. त्यामुळे प्रतापगडाकडे पाहताना ‘महाराजांनी भीतीचे सोंग घेतले’ एवढ्यावर थांबून चालत नाही. सोंगामागे हात कोणता होता, हे पाहावे लागते.

तो हात तीन वर्षे आधी जुळला होता. 1656 मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी स्वराज्यात आली आणि लगेच प्रतापगडाचे बांधकाम सुरू झाले. त्या अरण्यात घोडदळ, हत्ती, अवजड तोफा, म्हणजे अफझलखानाची सगळी मातबरी, निरुपयोगी ठरणार होती. खानाला हे ठाऊक नव्हते असे नाही. वाईचा सुभा पूर्वी त्याच्याकडेच होता. म्हणून तर त्याला रडतोंडीच्या घाटाने खाली उतरवायला पंताजी गोपीनाथांची वकिली आणि भयभीत शिवाजीचे चित्र, दोन्ही लागले. खान पुढे येण्यास उतावीळ होता; प्रतिपक्ष असा असेल तरच झाकलेला हात फळतो. सावध माणसापुढे घाबरल्याचे सोंग केले, तर तोही जागच्या जागी बसून राहतो.

एकदा पारच्या छावणीत उतरल्यावर खानासाठी पुढचे कोणतेही पान चांगले उरले नव्हते.

या सोंगाची किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते. शत्रूपासून झाकलेले बळ स्वकीयांनाही दिसत नाही. 1659 च्या जूनमध्येच मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली होती. कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले, खंडोजी खोपडे खानाला मिळाले. ‘राजा घाबरला आहे’ ही वार्ता जितके दिवस पसरत राहिली, तितके दिवस आणखी खोपडे निर्माण होण्याचा धोका होता. म्हणून सोंग अनिश्चित काळ चालवणे परवडणारे नव्हते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी भेट झाली, तोफेचा इशारा झाला, आणि त्यानंतर काहीही झाकले गेले नाही: 28 नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात होता. झाकण्याइतकीच ही अठरा दिवसांची उघड घाईही अभ्यासण्यासारखी आहे. कथाकीर्तनांत मात्र वाघनखांपुढे तिला जागा मिळत नाही.

आता पानिपत. 1760 च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा हात भारी होता. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना सोबत होता. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडली. त्यानंतर चकमकी होत राहिल्या, निर्णायक लढाई मात्र 14 जानेवारी 1761 पर्यंत लांबली. भाऊसाहेबांनी बळ लपवले नव्हते, पण पुरते वापरलेही नाही. पोकरच्या हिशेबात दोन्हींचे फळ एकच. दरम्यान अब्दालीला एकेक पान फुकट मिळत गेले: रसद तुटली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, जनावरे उपासमारीने मेली. शेवटी फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी.

आणि हात मुळातच हलका असेल तर? त्याचे उत्तर हिंजवडीपासून फार दूर नाही. वाहतूक मोकळी असेल तर तासाभरात चाकणला पोहोचता येते. 1660 च्या जूनमध्ये शाइस्ताखानाने तेथील संग्रामदुर्गाला वेढा घातला. भुईकोट किल्ला, तुटपुंजी शिबंदी, समोर मोगली तोफखाना. फिरंगोजी नरसाळ्यांकडे झाकण्यासारखे काहीच नव्हते. त्यांनी उघड्या पानांनी जवळजवळ दोन महिने लढत दिली. ऑगस्टात सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच किल्ला पडला, आणि एवढ्याशा कोटासाठी मोगलांना शेकडो माणसे गमवावी लागली.